जुन्या सिनेमांचं रिस्टोरेशन

जुन्या सिनेमाचं रिस्टोरेशन म्हणजे त्याच्या फिल्मचं जे काही शाबूत उरलंय ते शोधायचं, साफ करायचं, स्कॅन करायचं आणि सिनेमा पहिल्यांदा थेटरात लागला तेव्हा जसा दिसला नि ऐकू आला असेल त्याच्या होईल तितकं जवळ न्यायचं, मग त्यातून घरी बघायला ब्लू-रे, ४के डिस्क किंवा ओटीटीला द्यायची पक्की फाईल, म्हणजे मास्टर, काढायची. जुन्या डीव्हीडीची फाईल मोठी करून, रंग भडक करून यूट्यूबवर टाकतात आणि वर रिस्टोर्ड लिहितात, ते रिस्टोरेशन नाही.

फिल्मची पट्टी खान्देशच्या माणसाला तशी परकी नाही, कारण ती सेल्युलोजची, आणि सेल्युलोज येतं लाकडाच्या लगद्यातून नाहीतर कापसाच्या जिनिंगनंतर सरकीला जे बारीक तंतू चिकटून राहतात ना, त्यातून. १९५० च्या आसपासपर्यंत नायट्रेट फिल्म चालायची, ती एकदा पेटली की पाण्यातसुद्धा विझत नाही. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये साठवलेल्या नायट्रेट रिळांना आग लागली आणि त्यात मोठा ठेवा जळाला. नंतरची एसीटेट फिल्म तशी सहज पेटत नाही पण सडते, डबा उघडला की व्हिनेगरचा आंबट वास येतो, पट्टी आक्रसते, वाकडी होते. हे सगळं उष्णतेनं नि दमटपणानं वाढतं. रंगीत निगेटिव्ह थंड, कोरड्या खोलीत ठेवायची असते, आणि आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, तिथं पत्र्याखाली पडलेल्या रिळाचं काय होणार.

भुसावळ नुसतं रेल्वे जंक्शन नाही, फिल्म वितरणाचंही जुनं ठाणं आहे, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन ही सिनेमावाल्यांची संघटना तिथलीच. प्रिंटच्या पेट्या गावोगाव फिरायच्या, थेटरातून उतरल्या की जत्रेतल्या तंबूत, आणि तोवर प्रिंट इतकी घासलेली असायची की पडद्यावर कायम पाऊस पडतोय असं वाटायचं. आपण जुने सिनेमे असे पाहिलेत म्हणून ते तसेच होते असं धरून चालतो, ते खरं नाही. प्रिंट ही कॉपीची कॉपी असते, दर कॉपीला बारकावे कमी होतात, म्हणून रिस्टोरेशनवाले आधी मूळ कॅमेरा निगेटिव्ह, म्हणजे शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यात चाललेली पट्टी, शोधतात, ती नसेल किंवा खराब असेल तर तिच्यावरून काढलेली पॉझिटिव्ह, आणि प्रिंट अगदी शेवटी.

मग हातानं करायचं काम, पट्टीच्या कडेची फाटलेली भोकं जोडणं, धूळ नि बुरशी काढणं. स्कॅन करताना वेट-गेट वापरतात, म्हणजे पट्टी एका द्रवातून जाते, तो ओरखड्यात भरतो आणि ओरखडा दिसेनासा होतो. अडीच तासांच्या सिनेमात सेकंदाला २४ प्रमाणे २,१६,००० फ्रेम, ४के स्कॅनची एक फ्रेम साधारण ५० एमबी, म्हणजे एका सिनेमाचे दहा टेराबाइटच्या वर. डाग, रेघा, थरथर सॉफ्टवेअरनं काढतात खरं, पण माणूस बसून बघावंच लागतं, नाहीतर सॉफ्टवेअर पावसाचे थेंब नि नाकातली चमकीसुद्धा धूळ समजून पुसतं.

सगळ्यात मोठा घोळ ग्रेनचा. ते बारीक दाणे म्हणजे घाण नव्हे, चित्रच त्या दाण्यांचं बनलेलं असतं. ते घासून काढले की चेहरे मेणाचे दिसतात आणि कपड्याचा पोत जातो, तरी कंपन्या हे करतात कारण गिऱ्हाईकाला गुळगुळीत म्हणजे एचडी वाटतं. माझ्या मते हे ओरखड्यांपेक्षा वाईट, ओरखडा निदान पुढच्या वेळी काढता येतो.

रंगांचं वेगळंच. जुन्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो म्हणून सगळं गुलाबी दिसतं, ते दुरुस्त करताना छायालेखक हयात असेल तर त्याला बसवणं सगळ्यात चांगलं. १९७६ चा 'मंथन' असाच झाला. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातली कॅमेरा निगेटिव्ह घेतली, आवाज स्वतःकडच्या ३५ एमएम प्रिंटवरून घेतला, छायालेखक गोविंद निहलानी आणि दिग्दर्शक श्याम बेनेगल दोघं सोबत होते, आणि २०२४ ला तो फ्रान्सच्या कान महोत्सवात दाखवला. त्यातल्या स्मिता पाटीलचं घराणं शिरपूरचं, त्यामुळं तिचा चेहरा तिच्या खऱ्या रंगात दिसावा असं इकडच्या माणसाला जरा जास्तच वाटतं.

घरापर्यंत येताना पुन्हा नासाडी होते. चौकोनी फ्रेम टीव्हीभर करायला वरचं-खालचं कापतात, कोपऱ्यात लोगो ठोकतात. पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या, डीव्हीडीत २४ फ्रेमचा सिनेमा २५ नं पळवतात, अडीच तासांचा सिनेमा सहा मिनिटं आधी संपतो आणि सूर दुरुस्त केला नाही तर गाणी वरच्या पट्टीत ऐकू येतात.

आता खान्देशचं स्वतःचं. मालेगाव आणि इकडच्या पट्ट्यात व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढलेले सिनेमे, खान्देशी कॉमेडी, अहिराणी गाणी, हे सगळं व्हीसीडीवर विकलं गेलं. याची निगेटिव्हच नाही. पाल टेपवर ५७६ ओळी असतात, व्हीसीडीवर २८८, म्हणजे निम्म्या ओळी तिथंच गेल्या, त्यामुळं इथं मूळ टेपच निगेटिव्हच्या जागी धरायची. तशी टेप कुणाच्या कपाटात निघाली तर तिच्यावर काही रेकॉर्ड होणार नाही अशी ती आधी लॉक करायची, बुरशी असेल तर मशीनमध्ये घालायचीच नाही, आणि चालू डेक, म्हणजे टेप वाजवायचं मशीन, मिळाला की जशीच्या तशी उतरवून दोन ठिकाणी ठेवायची, टेप फेकायची नाही. फक्त व्हीसीडीच उरली असेल तर एकाच गाण्याच्या दोन-तीन डिस्क जमवायच्या, एकीवर जिथं अडकतं तिथं बऱ्याचदा दुसरी चालते.