ईव्हनिंग प्रिमरोझ की मॉथ मलेन?

दोन्ही रानफुलं पिवळी, तुरा उंच आणि रोपं द्विवर्षायू. पहिल्या वर्षी जमिनीला चिकटलेला पानांचा गोल गुच्छ, दुसऱ्या वर्षी फुलं, आणि बी धरलं की रोप संपलं. गफलत होणारच.

फूल हाती आलं तर पाकळ्या मोजा. प्रिमरोझला चार, मलेनला पाच. शिवाय प्रिमरोझच्या मधोमध कुक्षीची (स्त्रीकेसराच्या टोकाची) स्पष्ट फुली दिसते आणि भोवती आठ पुंकेसर. मलेनचे पुंकेसर पाचच, पण त्यांवर जांभळी लव असते, पतंगाच्या मिशांसारखी. नावातला 'मॉथ' तिथूनच आला. बोंडं पाहिलीत तर प्रिमरोझची लांबट, खोडाला बिलगलेली. मलेनची गोल, बारीक देठावर.

खरी पंचाईत पहिल्या वर्षी, कारण तेव्हा फूलच नसतं आणि प्रिमरोझ तण म्हणून उपटली जाते. फार वाईट वाटतं ते पाहून. उपटण्याआधी पानाची मधली शीर बघा. प्रिमरोझची शीर पांढरट किंवा गुलाबीसर असते, पान भाल्याच्या पात्यासारखं, किंचित लवदार. मलेनचं पान गुळगुळीत, सुरकुतलेलं, कडेला ठळक दाते.

दुसऱ्या वर्षी मात्र दिवेलागणीला प्रिमरोझच्या रोपाजवळ जाऊन बसाच. फुगलेली कळी हलकेच थरथरते, हिरवी निदलं (कळीवरची आवरणं) सुटून मागे वळतात आणि पिळलेल्या पाकळ्या डोळ्यांदेखत उलगडतात. फुलाखालच्या लांब नळीतला मध लांब सोंडेच्या पतंगांसाठी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फूल कोमेजतं. मलेन उमलते ती दिवसा.

प्रिमरोझचं बी पेरताना मातीवर नुसतं दाबा, झाकू नका. त्याला उजेड लागतो. थोडे दिवस ओलसर थंडी मिळाली तर उगवण सुधारते. ऊन भरपूर, पाणी न साचणारी जमीन. सोटमूळ जाड असल्यामुळे मोठं रोप हलवलेलं सोसत नाही, म्हणून जागेवरच पेरा.

बी किती चिवट! १८७९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बाटल्यांत भरून पुरलेल्या बियांपैकी प्रिमरोझचं बी ८० वर्षांनीही रुजलं, आणि मॉथ मलेनचं तर २०२१ मध्ये. तेव्हा नको तिथे पसरायला नको असेल तर बोंडं तडकण्याआधी छाटा. आणि दरवर्षी फुलं हवी असतील तर लागोपाठ दोन वर्षं पेरणी करा.