उत्पन्न कमी असणं वेगळं, चणचण वेगळी

गरिबीमुळे डिप्रेशन येतं, असं आपण सहज म्हणतो. पण त्यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. कमी उत्पन्न म्हणजे महिन्याला हातात येणारी रक्कम. चणचण म्हणजे पैशाअभावी नेमकं काय अडलं ते: एका वेळचं जेवण टाळलं, लाइटबिल थकलं, दागिना गहाण पडला, बीपीच्या गोळ्या संपल्या तरी आणल्या नाहीत. घर स्वतःचं आणि धान्य शेतातलं असेल तर थोडक्या पैशातही भागतं. उलट बरा पगार असलेला माणूस घराचे हप्ते आणि आईचं डायलिसिस यांपायी उसनवारीवर येतो. रेशनकार्डाच्या रंगावरून उत्पन्नाचा अंदाज येतो, चणचणीचा नाही.

मनाला जास्त पोखरते ती चणचणच. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा परिसरात विशीतल्या, चाळिशीतल्या आणि साठीतल्या लोकांचा मोठा अभ्यास झाला. शिक्षण, नोकरी यांचा हिशेब धरूनही सध्याची चणचण नैराश्याशी घट्ट जोडलेली दिसली. पूर्वी सोसलेल्या चणचणीचा संबंध त्यामानाने कमी होता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आजची अडचण आज दूर करता येते.

अमेरिकेत मिरोव्स्की आणि रॉस या समाजशास्त्रज्ञांना 2001 मध्ये आढळलं की चणचणीचा मनावरचा हा परिणाम तरुणांवर जास्त होतो आणि वय वाढेल तसा उतरतो. संसार रेटण्याचा अनुभव उपयोगी पडत असावा. तरी आपल्याकडच्या म्हाताऱ्यांबद्दल निश्चिंत राहू नये. ते स्वतःच्या गरजा मुकाट्याने कमी करतात, आणि त्यांची उदासी अंगदुखी, निद्रानाश, भूक मंदावणं अशा रूपात आली की "वय झालं" म्हणून सोडून दिली जाते.

मुलांचं आणखी निराळं. 1990 च्या दशकात अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या कुटुंबांना जमातीच्या कॅसिनोच्या (जुगारघराच्या) नफ्यातून वाटा मिळू लागला. गरिबीतून वर आलेल्या घरांतल्या मुलांचा आडदांडपणा, नियम मोडणं कमी झालं. चिंता आणि नैराश्य मात्र फारसं हललं नाही. आईवडिलांना मुलांकडे लक्ष द्यायला सवड मिळाली, हे त्यामागचं एक कारण संशोधकांनी दिलं.

म्हणून डॉक्टरांनी, आशाताईंनी उत्पन्नाचा रकाना भरून थांबू नये. "गेल्या वर्षभरात पैशापायी काय सोडावं लागलं?" असं विचारावं, आणि आजीआजोबांना एकटं बसवून विचारावं. उदासी दोन आठवडे हटत नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे. तिथे मराठीतून बोलता येतं.