'फ्रेल्टी' हा शब्द आला कुठून

म्हातार्‍या माणसांच्या तपासणीत डॉक्टर हल्ली 'फ्रेल' म्हणतात, म्हणजे शरीराची ताकद इतकी घटलेली की छोट्या आजारानेही माणूस कोसळेल (त्या अवस्थेला फ्रेल्टी), आणि घरचे 'वय झालं, अशक्तपणा' असं समजून विषय सोडून देतात, मला हे फार खटकतं म्हणून जरा मागे जाऊन लिहितो.

मूळ लॅटिन, फ्रांगेरे म्हणजे मोडणं, त्यावरून फ्रागिलिस म्हणजे पटकन मोडेल असं. फ्रॅक्चर, फ्रॅक्शन, फ्रॅगमेंट सगळी त्याच घरातली. जुन्या फ्रेंचमध्ये फ्रागिलिस झिजत गेला, मधला ग गळाला आणि फ्रेल होऊन 14व्या शतकात इंग्लिशमध्ये आला. पुढे 16व्या शतकात तोच शब्द पुन्हा घेतला गेला, यावेळी न झिजलेला, तो फ्रॅजाइल. खोक्यावर छापतात तो.

पण त्या काळात फ्रेल म्हणजे मुख्यतः मनाने कच्चा, मोहाला बळी पडणारा, पापाकडे घसरणारा. शेक्सपियरच्या हॅम्लेटमधलं 'फ्रेल्टी, दाय नेम इज वुमन' (कच्चेपणा, तुझं नावच बाई) सगळ्यांना माहितीये, तिथे बाप मरून दोन महिने झाले नाहीत तर आईने काकाशी लग्न केलं म्हणून पोरगा भडकलाय, तिच्या तब्येतीचा काही संबंध नाही. म्हणजे शब्दात दोष देणं होतं.

डॉक्टरी भाषेत येताना तो दोष गळून पडला. 2001 मध्ये अमेरिकेत वृद्धांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या डॉक्टर लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी पाच खुणा ठरवल्या, आपोआप वजन घटणं, सतत थकवा, हाताची पकड ढिली होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं, यातल्या तीन किंवा जास्त असल्या तर फ्रेल, एक-दोन असल्या तर त्याच्या अलीकडची पायरी. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच, कारण अलीकडच्या पायरीवर व्यायाम आणि प्रथिनं यांनी माणूस सावरू शकतो, एकाच वयाचे दोघं सारखे नसतात हेही यातून कळतं.

कॅनडात डॉक्टर केनेथ रॉकवूड यांच्या टीमने 2005 मध्ये, माणूस रोजची कामं किती करतो आणि त्याला किती मदत लागते यावरून डॉक्टरने फ्रेल्टी ठरवायची पट्टी दिली, आणि मार्च 2020 मध्ये कोविडच्या वेळी इंग्लंडच्या नाइस या, उपचारांबद्दल डॉक्टरांना सूचना देणाऱ्या संस्थेने आयसीयूचा निर्णय घेताना ती वापरायला सांगितली, तेव्हा अपंग लोकांच्या संघटनांनी जोरदार आक्षेप घेतला कारण जन्मापासून मदत लागणारा तरुणही त्या पट्टीवर फ्रेल ठरत होता. काही दिवसांतच नाइसला सूचना बदलावी लागली, तरुणांना आणि दीर्घकाळ स्थिर अपंगत्व असलेल्यांना ही पट्टी लावू नका म्हणून.