ज्वाळेच्या आधी आणि ज्वाळेनंतर

शेकोटीकडे जरा वाकून पाहिलं तर फांदी आणि ज्वाळा यांच्यामध्ये बारीकशी मोकळी जागा दिसते. कारण ज्वाळा लाकडाची नसतेच. लाकूड तापून २०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की त्यातल्या सेल्युलोजसारख्या पदार्थांचे लांबलचक रेणू तुटू लागतात आणि ज्वलनशील वायू बाहेर पडतात. ३०० अंशांच्या आसपास हे वायू भरपूर सुटतात आणि ठिणगी मिळताच पेट घेतात. पिवळा रंग येतो तो तापलेल्या काजळीच्या कणांमुळे. मायकेल फॅरेडे यांनी १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे मेणबत्तीवर व्याख्यानं दिली. त्यांत त्यांनी ज्योतीत काचेची नळी धरून आतली वाफ बाहेर काढली आणि ती वेगळी पेटवून दाखवली. घरी नळी नको. मेणबत्ती फुंकून लगेच तिच्या धुराच्या रेघेला जळती काडी लावा, ज्योत धुरावरून खाली उतरते.

म्हणजे धूर हे बऱ्याच अंशी वाया चाललेलं इंधन. डोळे चोळत बसण्याची वेळ येते तेव्हा एक तर लाकूड पुरेसं तापलेलं नसतं, नाही तर हवा कमी पडत असते.

सह्याद्रीत पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे पहिलंच कारण छळतं. ओलं लाकूड का पेटत नाही? सगळी उष्णता पाणी आटवण्यात जाते, हे नेहमीचं उत्तर. हिशोब मांडून बघू. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. अशा १ किलो लाकडातल्या अर्ध्या किलो पाण्याची वाफ करायला सुमारे १.३ मेगाज्यूल ऊर्जा लागते. उरलेलं अर्धा किलो कोरडं लाकूड पूर्ण जळालं तर सुमारे ९ मेगाज्यूल देतं. खर्च जमेच्या सातव्या हिश्श्याइतकाच! या हिशोबानं ओली फांदी बिनतक्रार जळायला हवी. पण जमा होण्याआधी खर्च करावा लागतो, खरी मेख तिथे आहे. लाकडाच्या ज्या भागात पाणी उकळतंय तो भाग १०० अंशांच्या वर चढत नाही, आणि वायू सुटायला त्याच्या दुप्पट तरी तापमान हवं. जे थोडे वायू निघतात त्यांनाही वाफ विरळ करून टाकते. तीच फांदी रसरशीत निखाऱ्यांवर टाका, टोकातून फेस काढत, फसफसत शेवटी जळतेच. म्हणून आधी कोरड्यावर निखारे करायचे आणि ओलं सरपण कडेला धगीत रचून ठेवायचं.

कोरडं मिळवायचं तर जमिनीवर पडलेलं टाळावं, ते खालून ओल पीत असतं. बाहेरून भिजलेला ओंडका कोयत्यानं फोडला तर आतला गाभा बऱ्याचदा कोरडा निघतो. बारीक केल्याचा दुहेरी फायदा असतो. काटकीची जाडी निम्मी केली की तेवढ्याच वजनाला जवळपास दुप्पट पृष्ठभाग मिळतो आणि उष्णता आत मुरून हरवत नाही. कारवीचं झुडूप सात-आठ वर्षांतून एकदा फुलून वाळून जातं. तिच्या बोटाएवढ्या काटक्या पेटवायला उत्तम. बिब्ब्याचं लाकूड मात्र चुलीत घालू नये, त्याच्या धुरानंही अंगावर उततं. आणि कण्हेर विषारी, तिच्या काडीला काही टोचून भाजण्याचा विचारही नको. झाड ओळखू येत नसेल तर पायथ्याच्या गावातून सरपण विकत घ्यावं. जंगल वाचतं आणि गावात चार पैसे जातात.

रचना करताना आपण पाचोळा खाली आणि ओंडके वर ठेवतो. उलटं करून बघा. जाड लाकडं खाली, त्यावर बारीक, माथ्यावर काटक्या, आणि आग वरून लावायची. खालच्या लाकडातून सुटणारे वायू वरच्या ज्वाळेतून जातात आणि तिथेच जळतात. धूर बराच कमी होतो. स्वयंपाकाला मात्र आपली तीन दगडांची चूलच बरी, भांडं स्थिर बसतं आणि फटींतून खालून हवा मिळते. दगड ओढ्यातले घेऊ नयेत. भेगांत आणि बारीक छिद्रांत शिरलेल्या पाण्याची वाफ होताना ते हजार पटींहून जास्त फुगायला बघतं, आणि दगड फुटून कपच्या उडतात.

सगळे वायू निघून गेले की उरतो कोळसा. तो वायू न होता जागच्या जागी जळतो, म्हणून ज्वाळा जवळजवळ नसते. भाकरी, वांगं, कणीस याच्यावरच शेकावं. निखाऱ्याची धग सारखी आणि काजळीविना लागते. ज्वाळेवर भाजलेलं बाहेरून करपतं, आत कच्चं राहतं, तरी दर ट्रेकला कुणीतरी घाई करतोच.

पण हाच शांत निखारा धोक्याचा. थंडीत शेगडी तंबूत घेऊन झोपणाऱ्यांचे जीव गेले आहेत. अपुऱ्या हवेत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. तंबूची झिप थोडी उघडी ठेवली म्हणून भागत नाही. शेगडी बाहेरच.

दुसरा धोका वणव्याचा. दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत पिवळं पडतं आणि मेपर्यंत एक ठिणगी पुरते. वनविभाग जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवताविना मोकळे ठेवलेले पट्टे, काढतो तो याचसाठी. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात मनाईच्या काळात आग पेटवणं किंवा नुसती बाळगणंही गुन्हा आहे. हरिश्चंद्रगडासारखे किल्ले तर अभयारण्यातच येतात. जिथे चालतं तिथेही जागा उघड्या मातीची हवी, गवत आणि फांद्यांपासून लांब, वारा पडलेला. लेण्यांत आणि घडीव पायऱ्यांवर कधीच नाही. तापलेल्या दगडाचे पापुद्रे सुटतात आणि काजळी वर्षानुवर्षं जात नाही.

विझवताना माती लोटून निघून जाणं ही सर्रास चूक. माती उष्णता अडवते, त्यामुळे झाकलेले निखारे रात्रभर धगधगत राहतात. सकाळी त्यावर अनवाणी पाय पडला तर पोळतो. वाळलेलं मूळ खालून पेटलं तर ते धुमसत धुमसत दूर जाऊन वर येऊ शकतं. पाणी ओता, काठीनं राख ढवळा, पुन्हा पाणी ओता. मग तळहाताची मागची बाजू राखेजवळ न्या, धग लागली नाही तर राखेला टेकवा. कोमट लागलं तरी आणखी पाणी. टाक्यावरून तेवढं पाणी आणायचा कंटाळा येणार असेल, तर त्या रात्री शेकोटी पेटवू नये, स्वेटर घालावा.