मेकॅनिकल हॉर्स की स्कॅरब? ब्रिटिश रेल्वेच्या दोन तीनचाकी गाड्या आणि त्यांची मॉडेलं

ब्रिटिश रेल्वेची छोटी प्रतिकृती घरात उभी करणारी मंडळी इंजिनाच्या चाकांवरून, बॉयलरच्या आकारावरून, डब्याच्या रंगाच्या एका छटेवरून तासन्‌तास वाद घालतील. पण मालधक्क्यापाशी उभी करायची तीनचाकी गाडी मात्र हाताला लागेल ती घेतील. "स्कॅमेल आहे ना, मग झालं!" अडचण अशी की स्कॅमेल या ब्रिटिश कंपनीच्या गाड्या दोन्ही आहेत. एक १९३० च्या दशकातला मेकॅनिकल हॉर्स, दुसरी १९४८ ची स्कॅरब. दोघांनाही पुढे एकच चाक, दोघांच्याही मागे तसलेच ट्रेलर आणि दोघांवरही 'ब्रिटिश रेल्वेज' हीच अक्षरं सापडतात. त्यात भर म्हणजे 'मेकॅनिकल हॉर्स' हे नाव पुढे या जातीच्या सगळ्याच गाड्यांना सर्रास लावलं गेलं, स्कॅरबलासुद्धा.

मुळात रेल्वेला अशी गाडी लागलीच कशाला, ते आधी पाहू. स्टेशनात उतरलेला माल दुकानदाराच्या किंवा कारखान्याच्या दारात पोचवणं आणि तिथला माल उचलून आणणं, हे ब्रिटनमध्ये रेल्वे कंपन्यांचंच काम होतं. १९२३ साली बहुतेक कंपन्यांचं चार मोठ्या कंपन्यांत एकत्रीकरण झालं: एलएमएस, एलएनईआर, ग्रेट वेस्टर्न आणि सदर्न. या चौघींच्या पदरी हजारो घोडे होते. त्यांचे तबेले, नालबंद, दाणापाणी, सगळा सरंजाम.

मग सरळ लॉऱ्याच का नाही घेतल्या? कारण मालधक्के घोड्यांच्या हिशेबाने बांधलेले होते. अरुंद बोळ, काटकोनात वळणारी फाटकं, धक्क्यासमोर जेमतेम घोडागाडी फिरेल एवढी जागा. लांबलचक लॉरी तिथे अडकायची. आणि त्याहून मोठा मुद्दा पैशांचा होता. घोड्याची सोय अशी की एक गाडी भरली जात असताना तो सोडून दुसऱ्या, भरलेल्या गाडीला जुंपता येतो. लॉरी मात्र माल चढेपर्यंत आणि उतरेपर्यंत इंजिन, ड्रायव्हर आणि भांडवलासकट नुसती उभी. म्हणजे रेल्वेला लॉरी नको होती, घोड्यासारखी सोडता-जुंपता येणारी मोटार हवी होती.

पहिल्यांदा हे जमवलं ते हडर्सफील्डच्या कॅरियर कंपनीने. एलएमएसच्या सोबतीने १९३० च्या सुमारास तिने 'कॉब' नावाची छोटी तीनचाकी काढली. दरम्यान नेपियर कंपनीनेही अशाच गाडीचा आराखडा हाती घेतला होता, पण तडीस न नेता तो स्कॅमेलला विकून टाकला. वॉटफर्डच्या स्कॅमेल कारखान्यात ऑलिव्हर नॉर्थ यांनी त्यावर काम केलं आणि त्यातून मेकॅनिकल हॉर्स तयार झाला. तीन टनी आणि सहा टनी असे त्याचे दोन प्रकार होते. लहानग्याला ११२५ सीसीचं इंजिन, मोठ्याला २०४३ सीसीचं. आजच्या साध्या मोटारीएवढं इंजिन आणि मागे सहा टन माल! वेगाची कुणाला फिकीर नव्हती. जागच्या जागी वळणं महत्त्वाचं होतं.

नुसता फोटो पाहिला तर आपल्याकडच्या जुन्या तीनचाकी टेम्पोची आठवण येईल. पण त्या टेम्पोचा हौदा गाडीलाच जखडलेला असे. इथे खरी करामत जोडणीत आहे, आणि मॉडेल मांडणाऱ्याने ती नीट समजून घ्यायला हवी. सुटा ट्रेलर आपल्या मागच्या चाकांवर आणि पुढच्या दोन छोट्या चाकांवर उभा असतो. ड्रायव्हर ट्रॅक्टर, म्हणजे पुढची ओढणारी तीनचाकी, सरळ मागे घेत त्याच्याखाली घुसवतो. ट्रॅक्टरच्या पाठीवर उतरत्या पट्ट्या असतात. ट्रेलरचं नाक त्यांच्यावरून वर चढतं, पुढची छोटी चाकं पायांसकट मागे दुमडली जातात, आकडे अडकतात आणि ब्रेकही आपोआप जोडला जातो. ड्रायव्हरला खाली उतरायची गरज नाही. सोडताना केबिनमधला दांडा ओढायचा आणि गाडी पुढे काढायची, की छोटी चाकं पुन्हा खाली येऊन ट्रेलर आपल्या पायांवर उभा. ही जोडणी इतकी सोयीची ठरली की पुढे दुसऱ्या कंपन्यांच्या चारचाकी ट्रॅक्टरांवरही ती बसवली गेली, आणि फ्रान्समध्ये एफएआर कंपनीने परवाना घेऊन ही अख्खी गाडीच बनवली.

आता स्कॅरब. ती १९४८ साली आली. जोडणी तीच ठेवली, कारण देशभर पसरलेले ट्रेलर कोण मोडीत काढणार? बदललं ते पुढचं धूड. मेकॅनिकल हॉर्सची केबिन लाकडी सांगाड्याची, म्हणून चौकोनी: सपाट बाजू, उभी काच, आणि पुढच्या चाकावर आलेलं आखूड नाक. एखाद्या सुताराने खोकं ठोकून त्याला चाक लावावं, असंच ते ध्यान दिसतं. स्कॅरबची केबिन पत्र्याची, दाबून घडवलेली, म्हणून सगळीकडून गोल. कपाळ गोल, खांदे गोल, पुढच्या चाकावरचा फुगवटाही गोल. नावही शोभणारं आहे. स्कॅरब म्हणजे भुंगेरा, आणि त्याच्या पाठीसारखीच तिची बांधणी आहे. इंजिन खाली आणि मागच्या बाजूला नेल्यामुळे वजन जमिनीलगत आलं. तीन चाकांच्या गाडीला, तेही मागे भरलेला ट्रेलर असताना, वळणावर याची केवढी गरज असते हे सांगायला नको. तीन टनी आणि सहा टनी दोन्ही प्रकारांना आता २०९० सीसीचं एकच पेट्रोल इंजिन होतं; पुढे पर्किन्सचं डिझेलही मिळू लागलं.

म्हणून ओळखायचं असेल तर फक्त केबिनकडे बघा. ट्रेलरवरून काहीही ठरत नाही, कारण जुन्या घोड्यामागचा ट्रेलर नव्या स्कॅरबलाही चालतो. चाकांवरून ठरत नाही, ती दोघांनाही तीनच. आणि मॉडेलच्या खोक्यावर छापलेल्या नावावर तर मुळीच विसंबू नका.

रंगावरून मात्र थोडं ठरतं, आणि या सगळ्यात मला सर्वांत गमतीचा वाटणारा भाग हाच आहे. १ जानेवारी १९४८ रोजी चारही कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन ब्रिटिश रेल्वेज जन्माला आली. स्कॅरबही त्याच वर्षाची. त्यामुळे हिशेब एकतर्फी आहे. मेकॅनिकल हॉर्स जुन्या चारही कंपन्यांच्या रंगांत शोभतो आणि ब्रिटिश रेल्वेजच्या रंगातही, कारण जुन्या गाड्या एका रात्रीत भंगारात गेल्या नाहीत. नव्या मालकाने त्या रंगवून पुढे बरीच वर्षं वापरल्या. स्कॅरबला मात्र मागे जाता येत नाही. ग्रेट वेस्टर्नच्या चॉकलेटी-क्रीम रंगातली किंवा एलएमएसच्या मरून रंगातली स्कॅरब दिसली, तर ती रंगवणाऱ्याच्या कल्पनेतली समजा. दिसायला झकास असेल, शेल्फावर जरूर ठेवा. पण १९३८ सालचं स्टेशन म्हणून मांडलेल्या देखाव्यात तिला उभी करू नका.

ब्रिटिश रेल्वेजचे स्वतःचे रंगही बदलले. पन्नाशीच्या दशकात गडद लाल आणि क्रीम ही जोडी होती. प्रवासी डब्यांवरच्या याच जोडीला शौकीन मंडळी 'ब्लड अँड कस्टर्ड' म्हणतात. नंतर रस्त्यावरच्या गाड्या पिवळ्या झाल्या. १९६९ पासून हे घरपोच मालवाहतुकीचं काम नॅशनल कॅरियर्स लिमिटेड या वेगळ्या कंपनीकडे गेलं. म्हणजे पिवळी स्कॅरब ठेवायची तर शेजारी उभं इंजिन वाफेच्या अखेरच्या दिवसांतलं किंवा डिझेल हवं.

मॉडेलांच्या दुनियेत हा गोंधळ जुनाच आहे. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३५ साली डिंकी टॉईजच्या मालिकेत मेकॅनिकल हॉर्स आणला: क्रमांक ३३. ट्रॅक्टर एक, ट्रेलर नाना तऱ्हेचे: सपाट, उघडा, बंद व्हॅन, कचऱ्याचा, पेट्रोलच्या टाकीचा. म्हणजे खऱ्या गाडीमागची कल्पनाच त्यांनी खेळण्यात उतरवली. त्यातली रेल्वेवाली आवृत्ती ३३ आर. ती चारही कंपन्यांच्या रंगांत निघाली: एलएनईआर निळा-काळा, एलएमएस मरून-काळा, सदर्न हिरवा-काळा आणि ग्रेट वेस्टर्न चॉकलेटी-क्रीम. आज युद्धापूर्वीचा असा नग कुणी विकायला काढला तर हातात घेऊन बारकाईने पाहा. त्या काळच्या जस्ताच्या मिश्रधातूत भेसळ राहून गेली की ओतीव भाग वर्षानुवर्षं आतून फुगतो, त्याला केसासारख्या चिरा पडतात आणि शेवटी भुगा होतो. रंग नवाकोरा दिसतोय पण चासी किंचित वाकलेली आहे, असं आढळलं तर पैसे खिशातच ठेवा.

खोक्यावरच्या नावावर विसंबू नका म्हटलं, त्याचं उदाहरण मॅचबॉक्सचं. ती खेळणी बनवणाऱ्या लेस्नी कंपनीने १९५५ मध्ये दहाव्या क्रमांकाला लाल केबिन आणि राखाडी ट्रेलर असं मॉडेल काढलं आणि नाव दिलं मेकॅनिकल हॉर्स. केबिन मात्र गोल, स्कॅरबची. त्यात खोटं काही नव्हतं, त्या नावाने सगळ्याच ओळखल्या जात. पण सत्तर वर्षांनी फक्त यादी वाचून खरेदी करणाऱ्याची फसगत होते. बजी या खेळण्यांच्या कंपनीने मात्र आपली ब्रिटिश रेल्वेज व्हॅन थेट स्कॅरब म्हणून विकली.

आज देखाव्यासाठी घ्यायची तर ऑक्सफर्ड डायकास्टकडे दोन्ही गाड्या १:७६ मापात निघाल्या आहेत, म्हणजे शेजारी ठेवून फरक एका नजरेत कळतो. पण हे माप जरा जपून. ब्रिटिश मॉडेल रेल्वेचं चालू माप डबल-ओ, म्हणजे हेच १:७६: खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर. युरोपात आणि बाकी जगात एचओ चालतं, १:८७, म्हणजे फुटाला साडेतीन मिलिमीटर. पूर्वी छोट्या ब्रिटिश इंजिनांच्या पोटात त्या काळच्या विजेच्या मोटर मावेनात, म्हणून वरचा सांगाडा मोठा केला आणि रूळ मात्र एचओचेच, साडेसोळा मिलिमीटरचे ठेवले. रूळ सारखे असल्याने नवख्याला वाटतं की दोन्ही एकच. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोटी रेल्वे संग्रहालय पाहून ज्यांना हा नाद लागतो, तेही पहिली खरेदी करताना इथेच गडबडतात. रुळांवर फरक लपतो, रस्त्यावर उघडा पडतो. सहा फुटी माणूस डबल-ओमध्ये चोवीस मिलिमीटरचा, एचओमध्ये एकवीसचा. एचओचा ड्रायव्हर स्कॅरबशेजारी उभा केलात तर शाळकरी मुलगा गाडी चालवायला आलाय असं वाटेल.

मांडणीतली सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे प्रत्येक ट्रेलरला एकेक ट्रॅक्टर जोडून ठेवणं. असंच असतं तर लॉऱ्याच घेतल्या असत्या की! एक ट्रेलर धक्क्याला लागून भरतोय, दुसरा गिऱ्हाइकाच्या दारात उतरतोय आणि तिसऱ्याला घेऊन ट्रॅक्टर रस्त्यावर आहे, यासाठीच हा सगळा खटाटोप होता. तेव्हा धक्क्यावर दोन-तीन सुटे ट्रेलर उभे करा आणि ट्रॅक्टर एकच ठेवा. सुट्या ट्रेलरची पुढची छोटी चाकं जमिनीला टेकलेली हवीत, जोडलेल्याची वर दुमडलेली. मॉडेलमध्ये ती हलत नसतील तर धारदार चाकूने कापून हव्या त्या जागी डिंकाने चिकटवणारे लोक आहेत, आणि माझ्या मते तेच बरोबर करतात. कडेला एखादा घोडाही ठेवायला हरकत नाही, पन्नाशीच्या दशकातलं स्टेशन असलं तरी. ब्रिटिश रेल्वेजचा डबे ओढणारा शेवटचा घोडा, न्यूमार्केटचा चार्ली, १९६७ साली निवृत्त झाला. म्हणजे ज्यांनी घोड्यांना हटवायचं, ती मेकॅनिकल हॉर्सची अख्खी पिढी जाऊन स्कॅरबचेही दिवस भरत आले, तेव्हा कुठे चार्लीची सुटका झाली.

या दोघांपलीकडे गोंधळ घालणारी आणखी काही भावंडं आहेत, पण ती ओळखायला सोपी. कॅरियर बॅन्टम चारचाकी आहे. पुढे दोन चाकं दिसली की स्कॅरबचा विषय संपला, अपवाद फक्त १९६० च्या दशकात स्कॅमेलनेच काढलेल्या चारचाकी स्कॅरब फोरचा. स्कॅरबनंतर आलेली टाउन्समन पुन्हा तीनचाकी, पण तिची केबिन फायबरग्लासची आणि चेहरा कोरा, साठच्या दशकातला. आणि १९५३ मध्ये डिंकीने ब्रिटिश रेल्वेजच्या मरून रंगात जी ट्रेलरवाली गाडी काढली, ती यांतली कुठलीच नाही. ती मँचेस्टरच्या हिंडल स्मार्ट कंपनीची हेलेक्स, बॅटरीवर चालणारी. स्कॅरब म्हणून कुणी ती तुमच्या गळ्यात मारत असेल, तर त्याला आधी इंजिन कुठे आहे ते विचारा.