निकेलचा स्फटिक आणि 50 अंशांचा कोन

1925 साली न्यूयॉर्कमधील एका प्रयोगशाळेत द्रवरूप हवेची बाटली फुटली आणि शेजारची निर्वात नळी तडकली. नळीत निकेलचा तापलेला तुकडा होता. आत हवा शिरताच त्यावर ऑक्साइडचा थर चढला. या तुकड्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून कोणत्या दिशेला किती इलेक्ट्रॉन परततात, हे क्लिंटन डेव्हिसन आणि लेस्टर जर्मर मोजत होते. थर घालवण्यासाठी त्यांनी तो तुकडा हायड्रोजनमध्ये व निर्वातात बराच काळ तापवला. मात्र पुन्हा मोजमाप केले तेव्हा पूर्वीच्या सपाट आलेखावर ठळक उंचवटे उमटले होते.

निकेल तेच, मग बदलले काय? धातूचा साधा तुकडा असंख्य बारीक स्फटिकांचा बनलेला असतो आणि प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला असते, त्यामुळे त्यांचे परिणाम एकमेकांत मिसळून पुसले जातात. तापवल्यामुळे ते स्फटिक एकत्र येऊन मोजकेच मोठे स्फटिक तयार झाले होते.

पुढे दोघांनी मुद्दाम एकाच स्फटिकातून कापलेला तुकडा घेतला. त्याच्या पृष्ठावर अणूंची मांडणी त्रिकोणी होती आणि तुकडा स्वतःभोवती फिरवला की दर 120 अंशांनी तेच उंचवटे परत येत. 1927 च्या आरंभी सरळ पडणाऱ्या झोतातील इलेक्ट्रॉनांना वेग देणारा विद्युतदाब वाढवत नेताना 44 व्होल्टला उंचवट्याची जेमतेम चाहूल लागली, 54 व्होल्टला 50 अंशांच्या कोनात तो सर्वाधिक उंच झाला आणि 68 व्होल्टपर्यंत विरून गेला.

पृष्ठावरील अणूंच्या रांगांमधील अंतर 0.215 नॅनोमीटर आहे. इलेक्ट्रॉन तरंगांसारखे वागत असतील, तर शेजारच्या रांगांवरून परतणारे तरंग जिथे एकमेकांना बळ देतात तिथे उंचवटा येतो; म्हणून या अंतराला 50 अंशांच्या साइनने गुणले की 0.165 नॅनोमीटर ही तरंगलांबी मिळते. गतिमान कणाची तरंगलांबी सांगणाऱ्या, फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई द ब्रॉग्ली यांच्या सूत्रानुसार 54 व्होल्टच्या इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी 0.167 नॅनोमीटर येते. इलेक्ट्रॉनाला तरंगरूप असल्याचा इतका थेट पुरावा एका धातूच्या तुकड्याने द्यावा, हे मला आजही विलक्षण वाटते.

क्ष-किरण स्फटिकात खोलवर जातात. इतक्या मंद इलेक्ट्रॉनांची धाव मात्र अणूंच्या मोजक्या थरांपुरतीच असते. म्हणूनच पृष्ठावर वायूच्या अणूंचा एखादा थर बसला तरी विवर्तनाचे, म्हणजे अणूंवरून पसरलेले तरंग ठरावीक दिशांना एकवटण्याचे, चित्र बदलते. निकेलवर चिकटलेल्या वायूमुळे उमटणारे असे वेगळे झोत खुद्द डेव्हिसन आणि जर्मर यांनाही दिसले होते.