पायरीवर उरलेली शेपूट

परवा संध्याकाळी आमच्या रामबागेतल्या जिन्यात मोतीने झडप घातली आणि ट्यूबलाइटखालची पाल गट्टम केली. पायरीवर तुटकी शेपूट तेवढी वळवळत राहिली. वरच्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या, "अहो, छिपकली खाल्ली त्याने! मिठाचं पाणी पाजा आधी, ओकून टाकेल."

ते मात्र करू नका. पालीने कुत्रा सहसा मरत नाही, पण रक्तात मीठ भलतंच वाढलं तर झटके येऊन मरू शकतो.

घरातल्या पालीत विष नसतं. सरड्यात नाही आणि उगाच बदनाम झालेल्या सापसुरळीतही नाही. मग दुधात पाल पडल्यावर माणसं आजारी का पडतात? तिच्या आतड्यात आणि विष्ठेत साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात, म्हणून. धडधाकट कुत्र्याला त्यांचं बहुधा काहीच होत नाही. पिल्लाला किंवा म्हाताऱ्या कुत्र्याला ताप, उलट्या, रक्ताची हगवण लागू शकते. गोम अशी की वरून ठणठणीत दिसणारा कुत्राही पुढे काही आठवडे विष्ठेतून हे जिवाणू टाकत राहतो. तेव्हा घरात रांगतं बाळ किंवा गरोदर सून असेल तर मोतीचं तोंड चाटणं बंद आणि त्याची शी उचलल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं.

मला जास्त रस आहे तो जंतांत. फायसालोप्टेरा नावाच्या जंताची अळी झुरळात, रातकिड्यात वाढते. पाल तो किडा खाते. अळी पालीच्या शरीरात नुसती वाट बघत बसते. कुत्र्याने पाल खाल्ली की ती जठराच्या अस्तराला चिकटते आणि मोठी होते. एखाददुसरा जंतही कुत्र्याला आठवडेच्या आठवडे ओकायला लावतो. त्याची अंडी जड असतात, म्हणून नेहमीच्या विष्ठातपासणीत ती हुकतात आणि घरचे बिचारे खाणं बदलत बसतात. जंताची नेहमीची गोळी याला पुरेलच असं नाही. म्हणून डॉक्टरांना "याने पाल खाल्ली होती" हे आवर्जून सांगा.

मांजरांचं दुखणं वेगळंच. गोगलगाय, मग जमिनीवरचा बारीक किडा, मग पाल असा प्रवास करून एक चपटा कृमी त्यांच्या पित्तनलिकेत मुक्काम ठोकतो. मांजर पिवळं पडतं.

खरी धावपळ करायची ती पावसाळ्यात, कुत्र्याने भेक, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक, तोंडात धरला तर. त्याच्या कानामागच्या ग्रंथींतलं विष हृदयावर जातं. तोंडाला फेस दिसला की ओल्या फडक्याने हिरड्या आतून बाहेर पुसा, डोकं खाली ठेवा, पाणी घशात ओतू नका आणि दवाखाना गाठा. सापाशी झटापट झाली असेल तर तोंड आणि पंजे सुजलेत का ते बघत बसू नका, थेट निघा. मण्यारीच्या दंशाला सूज येतेच असं नाही.

मोतीला तीन दिवस उलटी नाही, जुलाब नाही. पोहे मागायला बरोबर सातला हजर.